गौरीपुढचा पिसाचा मनोरा

मावशीच्या घराची किल्ली हल्ली आमच्या ठाण्याच्या घरी, फ्रिजवरच्या बशीत असते. परवा आईने ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "डोंबिवलीला जाऊन तिचा सोऱ्या घेऊन येशील का? आपल्या सोऱ्याचे आटे गेलेत. माळ्यावर असेल बघ, पितळी." मावशी तेव्हा आतल्या खोलीत पलंगावर बसून तांदूळ निवडत होती. तिने ऐकलं असणार.

चैत्र चालू होता. मावशीच्या बिल्डिंगचा जिना चढताना पहिल्या मजल्यावर कुणीतरी कैरी किसत होतं. तो वास आला आणि मी कठड्याला धरून थोडा वेळ तिथेच थांबले. कुलूप सहज उघडलं नाही. आत डांबरगोळ्यांचा वास होता, जुन्या तेलाचा होता, आणि बंद खिडक्यांमागे तापलेल्या धुळीचा. भिंतीवर मावशीच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं, कॅलेंडर अजून लटकत होतं, इतक्या वर्षांपूर्वीचं, पिसाच्या मनोऱ्याच्या पानावर उघडलेलं. कागद पिवळा पडून कडेने गुंडाळला होता, त्यामुळे मनोरा होता त्याहून जास्त कललेला दिसत होता.

माळ्यावर लाकडी खोकी होती, एकावर एक रचून ज्यांच्या पायऱ्या व्हायच्या. त्यांच्यावर अंथरायचं हिरवं जरीचं लुगडं होतं, घडीवर विरलेलं. गौरीचा छोटा पितळी झोपाळा होता. सोऱ्या एका पिशवीत होता आणि सोऱ्याच्या चकत्यांच्या डब्यात, चकत्यांच्या खाली, एक विणायची सुई होती. ॲल्युमिनियमची, निळसर. मधोमध वाकवलेली. मी ती लगेच ओळखली.

एप्रिलमध्ये माझी परीक्षा संपली की आई मला डोंबिवलीला सोडायची. कुमुदमावशी ही आईची मोठी बहीण. तिला मूल नव्हतं, आणि मे महिना संपेपर्यंत मी तिचीच असायचे. काका मोहन्याच्या कारखान्यात नोकरीला होते. वर्षानुवर्षं खांद्याला जड पिशवी अडकवून त्यांचा डावा खांदा खाली उतरला होता. पिशवी नसतानाही ते तसेच चालायचे, एका बाजूला कलून. बिल्डिंगच्या गॅलरीतून रस्त्यावरच्या गर्दीत ते लांबूनच ओळखू यायचे. "आला बघ कलता कंदील," मावशी म्हणायची आणि चहाचं आधण ठेवायची.

मी ठाण्यात कॉन्व्हेंटमध्ये होते. फारशी बोलत नसे. घरात माझं मराठी बरं चालायचं, पण बाहेरच्या बायकांपुढे ते पायात यायचं. एकोणसाठ की एकोणसत्तर यात माझा घोळ व्हायचा आणि त्या हसायच्या. मावशी हसायची नाही. "फिफ्टी नाइन म्हण की सरळ, मला कळतं," एवढंच म्हणायची.

मावशीकडे चैत्रगौर बसायची. माहेरी आलेली गौर झोपाळ्यात बसवायची, एका संध्याकाळी बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं, आणि गौरीपुढे पायऱ्या मांडून त्यांच्यावर आरास करायची. आरास म्हणजे करंज्या, लाडू, चकल्या, कलिंगडाचं कमळ, बाहुल्या, मातीची विहीर, हळिवाचं उगवलेलं शेत. ज्या वर्षी हे सगळं बदललं, त्या वर्षी मी बरीच लहान होते, पण ते बोलणं मला आठवतं. मावशी ओट्यापाशी भाजणी मळत होती.

"दरवर्षी तीच विहीर आणि तेच शेत," ती म्हणाली. "खालच्या लिमयेवहिनींकडेही तेच. यंदा काहीतरी निराळं हवं."

काकांनी पेपरातून डोकं न काढता भिंतीकडे बोट दाखवलं. मशिनं विकणाऱ्या कुठल्याशा परदेशी कंपनीचं कॅलेंडर होतं ते, दर पानावर जगातली एक प्रसिद्ध इमारत. "हे मांड."

"हे काय आहे?"

"पिसाचा मनोरा. इटलीत असतो."

"फोटो वाकडा आलाय."

"फोटो सरळ आहे. मनोराच कलता आहे. बांधतानाच कलायला लागला. शेकडो वर्षं तसाच उभा आहे."

"आणि पडत नाही?"

"नाही."

मावशीने एकदा कॅलेंडरकडे बघितलं, एकदा काकांच्या खांद्याकडे. "मग जमेल मला," ती म्हणाली.

चकल्यांवर चकल्या रचून मनोरा करायचा, एवढं तिचं ठरलं. पण सरळ रचल्या तर तो सरळ उभा राहायचा आणि कलता रचला की कोसळायचा. दुपारभर तो कोसळत राहिला. आम्ही कोसळलेला मनोरा खात राहिलो. संध्याकाळी काका आले, त्यांनी मावशीच्या विणकामाच्या पिशवीतून एक सुई काढली, पक्कड घेतली आणि एक डोळा मिटून, थोडं थोडं करत, तिला मधोमध बाक दिला. अर्धा सुरण पाटावर पालथा ठेवून त्यात सुई खोवली आणि चकल्यांची भोकं तिच्यात ओवत गेले. खाली मोठ्या, वर लहान. दोन मजल्यांच्या मध्ये मावशीने कडक शेवेचे तुकडे उभे लावले, खांब म्हणून. शेवटची चकली बसली आणि काकांनी हात काढून घेतले. मनोरा उभा राहिला, डावीकडे कललेला.

हळदीकुंकवाच्या दिवशी मला आराशीशेजारी उभं केलं, कुणी विचारलं तर सांगायला. मला ते अजिबात नको होतं. मोगऱ्याचा, अत्तराचा, ओल्या हरभऱ्यांचा आणि घामाचा मिळून एक वास खोलीत कोंडला होता. बायका वाकून बघत होत्या.

"अगं बाई, पडतोय की हा," लिमयेकाकू म्हणाल्या.

"पडत नाही," मी म्हणाले. "तो तसाच आहे. रिअलमध्ये पण."

"रिअलमध्ये पण? म्हणजे आमच्या बिल्डरनेच बांधलाय वाटतं तिकडे."

खोली हसली. मीही हसले. त्यांच्याबरोबर हसण्याची ती माझी पहिलीच वेळ.

त्यानंतरच्या चैत्रांचा क्रम मला लावता येत नाही. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. माझ्या शाळेच्या लायब्ररीतून मी सुट्टीसाठी जाड इंग्रजी पुस्तकं आणायचे आणि मावशी तळण काढत असताना स्टुलावर बसून तिला त्यातलं मराठीत सांगायचे. तेलाचा धूर, बाहेर काहिली, आणि मी सांगतेय की फ्रान्सच्या बादशहाला शेवटी लांबच्या एका बेटावर नेऊन ठेवलं आणि तो तिथेच मेला. मावशी झारा हातात धरून विचारायची, "जेवायला कोण घालायचं त्याला तिथे?" पुस्तकात ते नसायचं. मी म्हणायचे, माहीत नाही. "हेच लिहीत नाहीत मेले," ती म्हणायची.

नेपोलियन वांग्याचा केला होता. देठ आडवं कापून त्याची टोपी झाली, आणि खडीसाखरेची बटणं. इजिप्तचे पिरॅमिड शंकरपाळ्यांचे आणि भोवती भाजलेल्या रव्याचं वाळवंट. पिरॅमिडपुढचा सिंहाच्या अंगाचा तो माणूस तिने कणकेचा केला आणि त्याला नाक लावलं. मी म्हणाले, त्याचं नाक तुटलेलं आहे, फोटोत बघ. ती म्हणाली, "गौरीपुढे नकटा ठेवू? तुटलं तेव्हा तुटलं. आधी होतंच ना?" तेव्हा तो जगातला बहुधा एकमेव नाक असलेला स्फिंक्स डोंबिवलीत, मावशीच्या दुसऱ्या पायरीवर बसला, आणि जाता जाता कुणाच्या तरी मुलाने त्याचा एक पंजा खाल्ला.

अमेरिकेतली ती स्वातंत्र्याची पुतळीही केली होती, दुधीची, कारण ती खरोखरची हिरवी आहे. तिच्या उंचावलेल्या हातात काडवात लावली होती. प्रधानबाईंनी विचारलं, "ही कुठे उभी असते?"

"समुद्रात. बेटावर."

"एकटीच? आणि हिचा नवरा?"

"हिला नवरा नाही," मी म्हणाले.

हळदीकुंकवाच्या खोलीत हे वाक्य बोलू नये, हे मला तोंडातून निघाल्यावर कळलं. मावशी पन्ह्याचे पेले भरत होती. तिथूनच ती म्हणाली, "नाही कसा? असेल कुठेतरी लांब नोकरीला. कुंकू लावा तिला." आणि प्रधानबाईंनी खरंच बोट टेकवून दुधीच्या कपाळाला कुंकू लावलं. काका आतल्या खोलीत दाराआड बसून हे ऐकत होते. त्यांचं दाबलेलं हसू मला ऐकू आलं.

शेवटची मोठी आरास जहाजाची होती.

मेरी सेलेस्ट नावाच्या जहाजाची गोष्ट माझ्या पुस्तकात होती. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ते भर समुद्रात दुसऱ्या एका जहाजाला दिसलं. शिडं चढवलेली, पण वर माणूस नाही. कप्तान नाही, त्याची बायको नाही, त्यांची लहान मुलगी नाही, खलाशी नाहीत. पुस्तकात लिहिलं होतं, टेबलावरच्या कपांतला चहा अजून कोमट होता. कप्तानाच्या बायकोचं शिवणाचं मशीन आणि पायपेटी होती तिथेच होती. त्या माणसांचं काय झालं ते पुढे कधीच कळलं नाही.

मावशीने चकली सोडायची थांबवली. "पेटी उघडी होती की झाकलेली?"

"ते लिहिलं नाहीये."

"बघ ना नीट."

मी बघितलं. नव्हतं लिहिलेलं.

तिने अख्खं कलिंगड कोरून जहाज केलं. केळीच्या पानांची शिडं, लवंगांचे खिळे, आत साखरेचे छोटे पेले. त्या वर्षी खाडीकाठच्या मोठागावची जनाबाई आली होती. ती मावशीला मासे द्यायची. त्या दिवशी टोपली घरी ठेवून, अंबाड्यावर गजरा माळून, नवं लुगडं नेसून आली. तिच्या घरच्यांच्या खाडीवर होड्या होत्या. ती जहाजासमोर बराच वेळ उभी राहिली.

"काय गो बाय, या होरीन मानसा नाय?"

"नव्हतीच माणसं," मी म्हणाले, आणि तिला गोष्ट सांगितली. अर्ध्यातच तिचा चेहरा बदलला. ती मावशीकडे वळली. "बाय, रिकामी होरी कुनी मांडते का गवरीफुरं?"

"गोष्टच तशी आहे गं जना," मावशी हसत म्हणाली.

जनाबाईने आपल्या ओटीतले चार हरभरे काढले आणि जहाजात ठेवले, दोन पुढे, दोन मागे. "र्‍हाऊ दे," ती म्हणाली. "बसली मानसा."

त्या श्रावणात, एका रविवारी सकाळी, काका दाढीचं ब्लेड आणायला खाली उतरले आणि परत आले नाहीत.

यात पुढे सांगण्यासारखं काही नाही. पोलीस, नातेवाईक, पेपरातला फोटो, मोहन्याची माणसं, सगळे येऊन गेले. जो तो काहीतरी म्हणायचा. कुणाला काही माहीत नव्हतं, आणि मला आजही नाही. मला आठवतो तो काकांचा कप. अर्धा चहा पिऊन ते उतरले होते, येऊन उरलेला पिणार होते. आम्ही संध्याकाळी पोचलो तेव्हा तो कप टेबलावर होता आणि मावशीने त्याच्यावर बशी झाकली होती. आईने कप उचलायला हात पुढे केला. "राहू दे," मावशी म्हणाली. "ते आले की गरम करीन." दुसऱ्या दिवशीही कप तिथेच होता. तिसऱ्या दिवशी बशीखालून आंबट वास येऊन खोलीभर पसरला होता, पण बशी कुणी उचलत नव्हतं.

बिल्डिंगमध्ये कुणीतरी म्हणालंच, ते रिकामं जहाज मांडलं म्हणून. माझ्या कानावर ते आलं. मी जिन्यात तोंड लपवून बसले होते तेव्हा मावशी मला शोधत आली. तिने माझी वेणी सोडून पुन्हा घातली, घट्ट, दुखेल इतकी. "गोष्टीने माणूस जात नसतो," ती म्हणाली. "आणि गेलेत कुठे? यायचेत अजून."

पुढच्या चैत्रात तिने गौर बसवली. आई म्हणाली होती, या वर्षी नको करूस ताई. मावशीने नुसतं विचारलं, "का?" आणि आईला उत्तर देता आलं नाही. कारण उत्तर दिलं असतं तर ते तोंडाने म्हणावं लागलं असतं. मावशीच्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, ती सवाष्ण होती. ज्या दिवशी ती हळदीकुंकू करणार नाही, त्या दिवशी काका नाहीत असं होईल. ती हे बोलली नाही. पण मला ते कळत होतं, आणि मला वाटतं तिथे आलेल्या प्रत्येक बाईला कळत होतं.

त्या वर्षी सगळ्या आल्या. आरास बघायला नाही, मावशीचं कपाळ बघायला. जाताना पाहुणीनेही घरच्या बाईला कुंकू लावायचं असतं. एकेकीचं बोट करंड्यातून निघून मावशीच्या कपाळाशी यायचं आणि क्षणभर थांबायचं. मावशी मान जराशी पुढे करायची, बोटाला गाठण्यासाठी. मी शेजारी गुलाबदाणी घेऊन उभी होते. मी ती थांबलेली बोटं बघत होते.

पायरीवर फक्त पिसाचा मनोरा होता. त्यानंतर दरवर्षी तोच. मी म्हणायचे, मावशी, यंदा आयफेल टॉवर करू, यंदा चीनची भिंत करू, मी पुस्तक आणलंय. ती म्हणायची, "हाच बरा आहे." काकांची वाकवलेली सुई ती वर्षभर सोऱ्याच्या डब्यात ठेवायची आणि चैत्रात काढून राखेने घासायची. चकल्या ओवताना कुणाला हात लावू द्यायची नाही. कुठल्या बाजूला कलला पाहिजे ते तिला पक्कं माहीत होतं.

बायका कमी होत गेल्या. आधी ज्यांच्या घरी नुकतं लग्न झालं होतं त्यांनी सुना पाठवणं बंद केलं. मग प्रधानबाई, गुडघे दुखतात म्हणून. जनाबाईने त्या रिकाम्या होडीनंतर हळदीकुंकवाला यायचं सोडलं होतं, पण मासे द्यायला ती यायची. दारात बसून मावशीशी बोलायची, पैसे घ्यायची, आणि उठताना मावशीच्या तोंडाकडे न बघता निघायची. ज्या वर्षी टीव्हीवर जर्मनीतली ती भिंत पाडताना दाखवली, त्यानंतरच्या चैत्रात लिमयेकाकू जिन्यात म्हणाल्या, "कुमुद, यंदा ती भिंत कर की. सगळं जग बोलतंय."

"पडलेलं मी करत नाही," मावशी म्हणाली.

त्याच सुमाराला पिसाचा मनोरा लोकांसाठी बंद केल्याची बातमी आली. आता तो फारच कललाय, आत कुणी जायचं नाही. मी ती पेपरात वाचली आणि तिला सांगायचं नाही असं ठरवलं, पण लिमयेकाकूंनी सांगितलं. मावशी मला म्हणाली, "बंद केलाय म्हणे."

"हो. रिपेअरसाठी."

"लोकांना बंद केलाय. पडला तर नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर."

मी कॉलेजात गेल्यावर लायब्ररीत एकदा मेरी सेलेस्टवर दुसरं पुस्तक मिळालं, मोठ्यांचं. त्यात लिहिलं होतं की कोमट चहाची गोष्ट मागाहून कुणीतरी रचलेली आहे. टेबलावर चहा वगैरे काही नव्हता. जहाजावरची छोटी होडी मात्र नव्हती. ती माणसं कुठेही नाहीशी झाली नव्हती. ती आपण होऊन, आपल्या पायांनी, होडीत उतरून गेली होती. का, ते कुणालाच ठाऊक नाही. मी ते पान दोनदा वाचलं. बाहेर कॉलेजच्या मैदानावर कुणीतरी शिट्ट्या मारत होतं. मी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं, आणि त्या चैत्रात मावशीकडे गेले तेव्हा चकल्यांच्या वासात बसून तिच्याशी दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलले. शिवणाचं मशीन आणि पेटी मात्र खरी होती. तेवढं सांगता आलं असतं. तेही सांगितलं नाही.

शेवटच्या वर्षी हळदीकुंकवाला आई आणि मी, दोघीच होतो. मावशीने भरपूर डाळ केली होती. दार उघडं ठेवलं होतं आणि दारात रांगोळी होती. जिन्यात पावलं वाजली की ती पदर सावरून उठायची. पावलं वर जायची किंवा खाली जायची. दिवे लागले, पन्ह्यातला बर्फ वितळला, कैरीच्या डाळीला पाणी सुटलं. आईने तिला कुंकू लावलं. आईचं बोट थांबलं नाही, पण ती रडत होती. "वाऱ्याने डोळ्यात गेलं वाटतं काही," मावशी म्हणाली. खोलीत वारा नव्हता.

बारा वर्षं झाल्यावर काकांचे धाकटे भाऊ वसंतकाका कोलशेतहून आले. ते चांगले आहेत. ते पायातल्या चपला हातात धरून बराच वेळ दारातच उभे राहिले, मग आत येऊन बसले.

"वहिनी, बारा वर्षं झाली. इतकी वर्षं पत्ता नसला की शास्त्रात सांगितलंय तसे त्याचे संस्कार करून घेऊ या. दादाला गती नको का मिळायला?"

"आणि ते असले तर?"

"तर देव पावला. पण वहिनी..." ते म्हणाले.

मावशी कॅलेंडरकडे बघत राहिली. "कुठे करायचं?" तिने विचारलं.

कल्याणला खाडीच्या काठावर केलं. हिवाळ्यातली सकाळ होती, चिखलावर ऊन आलं होतं आणि ओहोटी लागली होती. बायकांनी येऊ नये असं गुरुजींचं म्हणणं होतं, पण मावशी गाडीत बसून आली, आणि तिला उतर म्हणायला कुणी धजावलं नाही. मी तिच्यासोबत होते.

गुरुजींनी देहाच्या जागी म्हणून जमिनीवर पळसाच्या पानांचा माणूस केला. दर्भाने बांधलेले हातपाय, डोक्याच्या जागी नारळ. वर जवाचं पीठ कालवून त्याचा लेप. त्यांचे हात सराईत होते. थोड्या वेळात तिथे एक माणूस निजलेला होता, कुणीही असू शकेल असा, दोन्ही खांदे सारखे, मान सरळ. वसंतकाका जानवं सावरून पुढे आले.

"थांबा," मावशी म्हणाली.

तिने पदर खोचला आणि ती त्याच्याजवळ बसली. गुरुजी म्हणाले, "बाई, हात लावू नका. असाच असतो तो."

"असे नव्हते ते," मावशी म्हणाली.

तिने डाव्या खांद्यावर तळहात ठेवला आणि हळूहळू खाली दाबला. ओलं पीठ सरकलं. मग दोन बोटांनी दर्भ जरासा सैल करून तो हात खाली ओढला, नारळ थोडा डावीकडे कलता केला, आणि खाली भेगा पडल्या होत्या तिथे पाण्याचं बोट फिरवून लेप सारखा केला. आयुष्यभर कणकेला हात लावायची तसाच हात. एक डोळा मिटून तिने लांबून बघितलं. पुन्हा जवळ येऊन अगदी थोडं आणखी दाबलं. खाडीत एक होडी चालली होती, तिच्यावरचा माणूस वल्हं थांबवून आमच्याकडे बघत होता.

काका होते ते. मला ते ओळखू आले. गॅलरीतून लांबून दिसायचे तसे.

"आता करा," मावशी म्हणाली आणि उठली. बारा वर्षं ज्यांना कुणी पाहिलं नव्हतं ते तिने पुन्हा समोर आणून ठेवले आणि वसंतकाकांनी त्यांना अग्नी दिला. पळसाची पानं तडतडली. पीठ आधी भाजलं, भाजणीसारखा खमंग वास आला, मग करपलं. मावशीने तो वास घेतलेला मी पाहिला.

परतल्यावर तिने कुणालाही काही करू दिलं नाही. मोरीत जाऊन दार लावून घेतलं आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन, मोकळ्या कपाळाने बाहेर आली. त्यानंतर ती आमच्याकडेच राहायला आली, ठाण्यातच बाळकुमला, आमच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये, जिथल्या बायकांना ती फक्त आईची बहीण म्हणून माहीत आहे.

परवा मी सोऱ्या घेऊन आले तेव्हा आईने आमच्या घरी हळदीकुंकवाची तयारी मांडली होती. मावशी स्वयंपाकघरात होती. तिने भाजणी मळून ठेवली होती. सोऱ्या घासून ती चकल्या सोडायला बसली आणि तासाभरात सगळ्या तळून झाल्या, एका मापाच्या, काटेरी, न मोडलेल्या. आईने त्या ताटात ओतल्या. नुसत्याच ओतल्या, ढीग करून.

मी सुई मावशीपुढे ठेवली. तिने ती पदराने पुसली. "पक्कड आण," ती म्हणाली.

मला वाटलं, सुरणही लागेल. मी विचारलं, "सुरण नाहीये घरात. बटाटा चालेल?"

"पक्कड आण फक्त."

मी आणून दिली. तिने सुईचा बाक पकडीत धरला आणि तो उलट्या बाजूने वळवायला लागली. घाईने नाही. थोडं वळवायची, डोळ्यासमोर धरायची, एक डोळा मिटून बघायची.

"मावशी, राहू दे ना तशीच."

"वाकडी सुई ठेवून काय करायचंय," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

बेल वाजली. बाहेर बायका आल्या होत्या. मावशीने पायानेच स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, कुणी सांगायच्या आधी. आईने मला हाक मारली. मी बाहेर जाऊन ओट्या भरायला लागले, गुलाबपाणी शिंपडलं, अत्तर लावलं. मोगऱ्याचा आणि ओल्या हरभऱ्यांचा तोच वास होता. कुणीतरी म्हणालं, "चकल्या काय सुंदर झाल्यात, कुणी केल्या?" आई म्हणाली, "घरीच केल्या."

बंद दारामागे फरशीवरून सुई गडगडत गेल्याचा आवाज आला. बाक अजून राहिला होता. ती ठेचकाळत गेली आणि थांबली. पकडीचा आवाज आला. पुन्हा सुई, पुन्हा ठेचकाळत. मी करंडा हातात धरून समोरच्या बाईच्या कपाळाशी बोट नेलं आणि ते तिथेच थांबलं. आत सुई पुन्हा सोडल्याचा आवाज आला, आणि या वेळी ती कुठेही न अडखळता, एकसारखी, भिंतीपर्यंत गेली.